एका किलोबाइटला एक पैसा

२०१० च्या सुमारास भारतातील अनेक मोबाइल कंपन्यांचा इंटरनेटचा सुटा दर एकच होता : दहा किलोबाइटला दहा पैसे. म्हणजे एका किलोबाइटला एक पैसा. त्याच वर्षाच्या अखेरीस जगभरातील संकेतस्थळांची जी मोजदाद सुरू झाली, तीत एका सरासरी पानाचे वजन सुमारे ७०० किलोबाइट भरत होते. गुणाकार सोपा आहे. प्रीपेड कार्डावर चालणाऱ्या मोबाइलधारकाने असे एक पान उघडले, की सात रुपये गेले. वस्तू घेतली नाही, भाव विचारला नाही, नुसते दुकानाचे दार लोटून आत डोकावले, त्याचे हे सात रुपये. दुकानदाराला मात्र या प्रवेशशुल्काची गंधवार्ता नव्हती. ते त्याच्या गल्ल्यात पडत नव्हते आणि त्याने स्वतः आपले दुकान पाहिले होते ते कार्यालयातील संगणकावर, ब्रॉडबँडवरून.

व्यापारी संकेतस्थळ मोबाइलवर नीट चालावे यासाठी गेल्या पंचवीस वर्षांत जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास बहुधा पडद्याच्या रुंदीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पडदा लहान झाला, मग मांडणी लवचिक झाली, प्रश्न सुटला. अमेरिका-युरोपात हे कथानक बरेचसे खरे आहे. भारतात मात्र अडचण रुंदीच्या आधी वजनाची आणि वेळेची होती. तिच्यावर शोधलेली उत्तरे पुढे जगाने उचलली. हा भाग सहसा सांगितला जात नाही.

आरंभ एकाच पंधरवड्यात झाला. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले. देशातील हा पहिला मोबाइल कॉल. १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. ही दोन जुळी भावंडे त्यानंतर कित्येक वर्षे एकमेकांना ओळखत नव्हती. १९९७ मध्ये एरिक्सन, मोटोरोला, नोकिया आणि अनवायर्ड प्लॅनेट या कंपन्यांनी एकत्र येऊन ‘वॅप’ नावाची पद्धत आखली. तीत संकेतस्थळाचे पान पत्त्यांच्या जोडासारखे तुकड्यांत कापलेले असे आणि फोनच्या चार-पाच ओळींच्या पडद्यावर एकेक पत्ता उलगडे. त्यासाठी वेगळ्या भाषेत वेगळे पान लिहावे लागे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही दुसऱ्या गल्लीत दुसरे दुकान थाटण्यासारखी गोष्ट होती आणि त्या गल्लीच्या तोंडाशी मोबाइल कंपनी बसलेली होती. ‘एअरटेल लाइव्ह’ किंवा रिलायन्सचे ‘आर-वर्ल्ड’ यांसारख्या दालनांत पहिल्या यादीत कोणाचे नाव दिसणार हे कंपनी ठरवी. तेथे रिंगटोन, क्रिकेटचे धावफलक आणि राशिभविष्य भरपूर खपले. पुस्तके, कपडे, भांडी विकणाऱ्याला तेथे जागा नव्हती.

खरा बदल नॉर्वेतून आला. ऑपेरा सॉफ्टवेअर या कंपनीने २००५ मध्ये मायदेशात ‘ऑपेरा मिनी’ची चाचणी घेतली आणि जानेवारी २००६ मध्ये तो ब्राउझर जगासाठी खुला केला. जावा चालणाऱ्या साध्यासुध्या फोनवरही तो बसत असे. त्यामागची कल्पना साधी आणि धाडसी होती. संपूर्ण पान फोनपर्यंत आणायचेच नाही. मधल्या सर्व्हरने ते पान मागवावे, वाचावे, मांडावे, चित्रे लहान करावीत आणि सगळ्याचा घट्ट गोळा करून तेवढाच फोनकडे पाठवावा. वजन नव्वद टक्क्यांपर्यंत घटे. सात रुपयांचे पान सत्तर पैशांत पदरात पडे. भारतात तो घरोघरी पोहोचला, यात नवल नाही.

मराठी वाचकांपैकी ज्यांनी त्या काळी बटणांच्या फोनवर काही वाचले असेल, त्यांना आणखी एक युक्ती आठवत असेल. फोनमध्ये देवनागरीचा टंकच नसे, त्यामुळे मराठी पानावर नुसत्या चौकटी दिसत. ऑपेरा मिनीच्या पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा’, पुढे विसर्गचिन्ह आणि मग ‘कॉन्फिग’ असे रोमन लिपीत टाइप केले, की एक गुप्त वाटावे असे पान उघडे. त्यात क्लिष्ट लिप्यांसाठी अक्षरांऐवजी चित्रे वापरावीत असा एक पर्याय होता. तो ‘होय’ केला की चौकटी जाऊन मराठी उमटे. अक्षरे सर्व्हरवरच रेखाटली जात आणि चित्र म्हणून फोनवर येत. अर्थात वजन वाढे. मराठी वाचण्यासाठी मराठी वाचक थोडे अधिक पैसे मोजत होता आणि ते मोजायला तयार होता. संकेतस्थळे बांधणाऱ्यांनी या गोष्टीची नोंद त्या वेळी घेतली असती, तर पुढची काही वर्षे वाचली असती.

या सोयीची किंमत व्यापाऱ्याने चुकवली. पानावरील हालचाल करणाऱ्या आज्ञावल्या फोनवर चालत नसत. सर्व्हरवर त्या काही क्षण चालवल्या जात आणि मग पान गोठवले जाई. खाली उघडणारी यादी उघडत नसे, टोपलीत टाकलेली वस्तू टोपलीत दिसत नसे. शिवाय सांकेतिक रूपात गेलेली माहिती मधल्या सर्व्हरवर उलगडावीच लागे, त्यामुळे बँकेचा सांकेतिक शब्द या वाटेने पाठवणे शहाणपणाचे नव्हते. दुकान दिसू लागले होते. त्यात खरेदी करणे मात्र अजून अवघड होते.

त्याच सुमारास अमेरिकेत वेगळाच प्रवास सुरू होता. ९ जानेवारी २००७ रोजी आयफोन जाहीर झाला. त्याचा पडदा ३२० बिंदू रुंद होता, पण त्यातील ब्राउझर संकेतस्थळांना आपली रुंदी ९८० बिंदू असल्याचे भासवी, म्हणजे संगणकासाठी आखलेले पान मोडत नसे. सगळे पान बारीक होऊन दिसे आणि वाचायचे तेवढे बोटांनी मोठे करायचे. ही सभ्य लबाडी होती आणि ती चालली. पुढे ‘मला खरी रुंदी सांग’ असे पानाने ब्राउझरला बजावण्याची एक ओळ आली. आजही प्रत्येक मोबाइल-अनुकूल पानाच्या मस्तकात ती ओळ असते. २५ मे २०१० रोजी ‘अ लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकात ईथन मार्कॉट यांचा लेख आला आणि ‘रिस्पॉन्सिव्ह’ हा शब्द या व्यवसायात रूढ झाला. प्रमाणात ताणणारी चौकट, तिच्यासह आकसणारी चित्रे आणि पडद्याची रुंदी पाहून नियम बदलणारी शैली-आज्ञा, या तीन गोष्टींच्या आधारे एकच पान फोनवरही आणि संगणकावरही नीट बसू शकते, असे त्यांनी दाखवले. कागदाची ठाम चौकट पडद्यावर लादू नये, हे जॉन ऑलसॉप यांनी २००० मध्येच मांडले होते. दुसऱ्या गल्लीतले दुसरे दुकान बंद करण्याची सोय आता झाली.

तरीही ‘आकसणारी चित्रे’ या शब्दांपाशी थोडे थांबायला हवे. चित्र आकसत होते ते पडद्यावर. वायुलहरींवरून ते पूर्ण आकारातच येत असे. संगणकासाठी ठेवलेले चारशे किलोबाइटचे छायाचित्र फोनवर नखाएवढे दिसे आणि तरी त्याचे चार रुपये लागत. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे अनेक संकेतस्थळे फोनवर नको असलेले भाग ‘दाखवू नकोस’ एवढीच आज्ञा देऊन लपवत. ते भाग डाउनलोड होत, त्यांचे पैसे कापले जात आणि ग्राहकाला ते दिसतही नसत. पडद्याच्या मापानुसार वेगवेगळी चित्रे पाठवण्याची प्रमाणित सोय ब्राउझरांमध्ये रुळायला २०१४ उजाडले. रुंदीचा प्रश्न ज्यांना सतावत होता त्यांनी तो सोडवला. वजनाचा प्रश्न त्यांच्या टेबलावर नव्हता. त्यात दुष्टावा नव्हता, त्यांच्या खिशातून किलोबाइटला पैसा जात नव्हता एवढेच.

वजनाइतकाच, किंबहुना त्याहून चिवट असा शत्रू होता विलंब. याचे भौतिकशास्त्र पाहण्याजोगे आहे. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सर्व्हरपर्यंत सरळ रेषेत जाऊन परत यायचे, तर साधारण पंचवीस हजार किलोमीटरचा फेरा पडतो. त्याला सव्वाशे मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षातील वळणावळणांची केबल धरली तरी पाव सेकंदाच्या आसपास. पण टूजी जोडणीवर एका साध्या फेऱ्याला अर्धा ते एक सेकंद लागत असे. म्हणजे महासागर ओलांडायला जितका वेळ लागे, त्याहून कितीतरी अधिक वेळ फोनपासून गावाबाहेरच्या मनोऱ्यापर्यंत जायला लागे. कारण तेथे प्रकाशाचा वेग आडवा येत नव्हता, रांग आडवी येत होती. वाहिनी सामायिक होती. फोनला आधी बोलण्याची परवानगी मागावी लागे, वेळेचा तुकडा मिळेपर्यंत थांबावे लागे आणि कोणी दूरध्वनीवर बोलत असेल तर त्या आवाजाला अग्रक्रम असे. थ्रीजी आल्यावर वेग वाढला, पण बॅटरी वाचवण्यासाठी झोपलेला रेडिओ जागा व्हायलाच दोनेक सेकंद घेई.

आता पान उघडताना काय घडते ते पाहू. नावावरून पत्ता शोधायचा, हा एक फेरा. सर्व्हरशी ओळख करून घ्यायची, दुसरा फेरा. गुप्ततेचा करार करायचा, त्या काळच्या पद्धतीत आणखी दोन फेरे. मग पान मागायचे, पाचवा फेरा. फेऱ्याला सात दशांश सेकंद धरले तर पहिले अक्षर यायच्या आधीच साडेतीन सेकंद उलटतात आणि तोवर पडदा पांढरा असतो. त्यातही सर्व्हर सगळे पान एकदम ओतत नाही. जोडणी किती भार सोसते याचा अंदाज घेत तो हळूहळू पाठवतो. २०१३ मध्ये सुचवलेल्या नियमानुसार पहिल्या खेपेत दहा पाकिटे, म्हणजे सुमारे चौदा किलोबाइट. ज्या दुकानाची पाटी आणि पहिली मांडणी या चौदा किलोबाइटांत बसते, ते लवकर उघडल्यासारखे वाटते. उरलेले पान चाळीस किलोबिट प्रतिसेकंद या वेगाने येत असेल, तर एका मेगाबाइटला दोनशे सेकंद लागतात. तीन मिनिटांहून अधिक. एवढा वेळ दारात उभा राहणारा ग्राहक खऱ्या बाजारातही विरळा.

या हिशेबात पडद्याची रुंदी कोठेच येत नाही.

हा सारा पेच २०१५ मध्ये बंगळुरूत उघड्यावर आला. सचिन बन्सल आणि बिनी बन्सल यांनी २००७ मध्ये सुरू केलेली फ्लिपकार्ट तोवर देशातील सर्वांत मोठ्या ऑनलाइन दुकानांपैकी एक झाली होती. ऑक्टोबर २०१४ मधील तिच्या पहिल्या महाविक्रीच्या दिवशी गर्दीने संकेतस्थळ कोलमडले आणि संस्थापकांना ग्राहकांची माफी मागावी लागली होती. ग्राहक मोबाइलवरून येत आहेत, हे तर दिसतच होते. त्यातून व्यवस्थापनाने जो निष्कर्ष काढला, तो मात्र असा की मोबाइलवरील संकेतस्थळच बंद करावे आणि सर्वांना अ‍ॅपकडे वळवावे. मार्च २०१५ पासून फोनच्या ब्राउझरमध्ये फ्लिपकार्ट उघडणाऱ्याला अ‍ॅप उतरवून घेण्यास सांगितले जाऊ लागले. फ्लिपकार्टने आदल्या वर्षी विकत घेतलेल्या मिंत्राने १५ मे २०१५ रोजी त्याही पुढचे पाऊल टाकले. तिने संगणकावरील संकेतस्थळही बंद केले.

या निर्णयात तर्क नव्हता असे म्हणता येणार नाही. अ‍ॅप एकदा उतरवले की दुकानाची सारी चौकट फोनमध्येच राहते, दर वेळी फक्त मालाची माहिती आणावी लागते. विलंब आणि वजन या दोहोंवर ते खरोखरच उत्तर होते. ग्राहकाला सूचना पाठवता येतात आणि शोधयंत्राला जाहिरातीचे पैसे मोजून त्याला परत बोलवावे लागत नाही, हा व्यापारी लाभ वेगळाच. पण हा तर्क ज्याच्या फोनमध्ये जागा आहे त्याच्यापुरता खरा होता. त्या वर्षी भारतात खपणाऱ्या स्वस्त स्मार्टफोनांत चार गिगाबाइटांची साठवण असे आणि तिचा मोठा हिस्सा यंत्रणाच खाऊन टाके. उरलेल्या जागेत घरातील लहानग्यांची छायाचित्रे, गाणी आणि व्हॉट्सअ‍ॅप यांचा संसार असे. वर्षातून दोनदा चपला घेणाऱ्याने एका दुकानासाठी त्यातील काय पुसून टाकावे? आणि टूजीवर अ‍ॅपचे ते कित्येक मेगाबाइट उतरायला लागणारा अर्धा तास, मध्येच जोडणी तुटली तर पुन्हा पहिल्यापासून, हा खर्च कोणी मांडला होता? दुकानाचे दार अरुंद आहे म्हणून ते भिंत घालून बंद करावे आणि आतल्या ग्राहकांना किल्ल्या वाटाव्यात, असा तो प्रकार होता.

सहा-आठ महिन्यांतच ती भिंत पाडली गेली, आणि येथूनच हा इतिहास भारताबाहेर पोहोचतो. त्या वर्षी जूनमध्ये अ‍ॅलेक्स रसेल आणि फ्रान्सिस बेरिमन यांनी ‘प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप’ हे नाव सुचवले होते. संकेतस्थळ राहून अ‍ॅपचे गुण अंगी बाणवणारे पान, अशी त्यामागची कल्पना होती. तिचा कणा म्हणजे ‘सर्व्हिस वर्कर’ : पान आणि जाळे यांच्या मध्ये बसणारा, फोनमध्येच राहणारा एक छोटा कारभारी. पहिल्या भेटीत तो दुकानाचे फडताळ, पाट्या, काउंटर आपल्यापाशी ठेवून घेतो. पुढच्या भेटीत जाळ्याची वाट न पाहता ते मांडून टाकतो आणि फक्त ताजा माल मागवतो. जोडणी तुटली तरी पडदा पांढरा पडत नाही. अ‍ॅपचा लाभ मिळतो आणि उतरवून घेण्याची अट राहत नाही. ही सोय क्रोम ब्राउझरमध्ये २०१५ च्या आरंभी आली होती, पण एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याने तिच्यावर आपले दुकान उभे केलेले नव्हते. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्लिपकार्टने ‘फ्लिपकार्ट लाइट’ सादर केले. जगातील पहिल्या मोठ्या प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅपांमध्ये त्याची गणना होते.

त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार फ्लिपकार्ट लाइटवर येणाऱ्यांपैकी ६३ टक्के लोक टूजी जोडणीवरून येत होते. मोबाइलवरील जुन्या संकेतस्थळावर ग्राहक सरासरी ७० सेकंद रेंगाळत असे, नव्यावर साडेतीन मिनिटे. विदा तिपटीने कमी लागत होती. हे आकडे गूगल आणि फ्लिपकार्ट या दोन हितसंबंधी कंपन्यांनी दिलेले आहेत आणि त्यांच्या जोडीला कोणताही नियंत्रित प्रयोग नाही, हे वाचताना ध्यानात ठेवावे. साडेतीन मिनिटांतील किती वेळ रस घेण्याचा आणि किती वाट पाहण्याचा, हेही त्यातून कळत नाही. पण ६३ टक्के हा आकडा निराळा आहे. तो यशाची जाहिरात करत नाही. तो एवढेच सांगतो की दार बंद होते त्या महिन्यांत बाहेर उभे राहिलेले लोक बहुधा कोण होते. मिंत्राने आपले मोबाइल संकेतस्थळ आधी आणि संगणकावरील संकेतस्थळ १ जून २०१६ रोजी पुन्हा उघडले.

दार उघडले तरी गल्ल्यापाशी आणखी एक अडसर होता आणि तो दुकानदाराच्या हातात नव्हता. कार्ड प्रत्यक्ष न दाखवता होणाऱ्या व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून दुसरी पडताळणी सक्तीची केली. फसवणूक रोखण्याच्या दृष्टीने हा दूरदर्शी निर्णय होता. परंतु त्यामुळे प्रत्येक खरेदी तीन घरांतून फिरू लागली : दुकानाचे पान, पैसे स्वीकारणाऱ्या मध्यस्थाचे पान आणि बँकेचे पान. दुकानाने आपले पान कितीही सुबक केले, तरी शेवटचे पान बँकेचे असे आणि ते बहुधा संगणकाच्या रुंदीचे असे. त्यात एकवार-सांकेतांकाचा लघुसंदेश वाचायला ग्राहक ब्राउझर सोडून गेला, की कमी स्मृतीचा फोन ते पान टाकून देई. परत आल्यावर सगळे पहिल्यापासून. पैसे खात्यातून गेले की नाही, हे कळायला मार्ग नाही. वस्तू हातात पडल्यावर रोख पैसे देण्याची पद्धत फ्लिपकार्टने २०१० मध्ये आणली. ती लोकप्रिय होण्यामागे अविश्वास हे कारण सांगितले जाते. त्या अविश्वासाचा किती भाग माणसांवरचा होता आणि किती या मोडक्या पानांवरचा, हे वेगळे काढून पाहायला हवे होते. एप्रिल २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने ही तीन घरांची फेरीच पुष्कळशी टाळली. मोबाइलवरील दुकानांच्या सुधारणेत तिचा वाटा कोणत्याही मांडणीशास्त्राहून मोठा आहे.

५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली आणि किलोबाइटला पैसा हा हिशेब काही महिन्यांत इतिहासजमा झाला. आरंभी तर विदा फुकटच होती. इतर कंपन्यांना दर खाली आणावे लागले. संकेतस्थळे बांधणाऱ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि पाने भराभर जड होऊ लागली. जगभरची सरासरी तोवर दोन मेगाबाइटांपलीकडे गेलीच होती. मात्र अडथळा नाहीसा झाला नव्हता, त्याने जागा बदलली होती. आता तो जाळ्यातून फोनच्या पोटात आला. पानासोबत येणाऱ्या आज्ञावल्या फोनला वाचाव्या, समजून घ्याव्या आणि चालवाव्या लागतात. महागड्या फोनला एका सेकंदात जमणारे हे काम स्वस्त फोनला कित्येक सेकंद घेते. तेवढा वेळ पान दिसते, पण बोट लावले तरी हलत नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे जुलै २०१७ मध्ये जाहीर झालेला जिओफोन. त्याचा पडदा २.४ इंची, रुंदी २४० बिंदू. स्पर्शाला प्रतिसाद न देणारा, बाणांच्या बटणांवर चालणारा, ५१२ मेगाबाइट स्मृतीचा, पण फोरजी जोडणीचा. म्हणजे वाट राजमार्गाची आणि गाडी सायकलीची. सात वर्षे ‘रिस्पॉन्सिव्ह’चा जप केलेल्या संकेतस्थळांनी सर्वांत लहान पडदा ३२० बिंदूंचा गृहीत धरला होता. त्याखाली कोणी असेल ही कल्पनाच नव्हती. ‘खरेदी करा’ हे बटण उजव्या कडेच्या पलीकडे जाई. बोट फिरवून उघडणाऱ्या यादीपर्यंत बाणाने पोहोचताच येत नसे. लक्षावधी नवी गिऱ्हाइके बाजारात आली आणि पुष्कळ दुकानांत त्यांचा हात काउंटरपर्यंत पुरत नव्हता.

मराठी, हिंदीसारख्या भाषांची तऱ्हा आणखी निराळी. युनिकोडच्या सर्वाधिक रूढ साठवणपद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी वर्णाला तीन. ‘महाराष्ट्र’ हा शब्द दहा वर्णखुणांचा, म्हणजे तीस बाइटांचा होतो. लघुसंदेशातही हाच पंक्तिभेद : इंग्रजीत १६० अक्षरे, देवनागरीत ७०. पानाच्या बाबतीत हा तोटा फारसा नाही, कारण पाठवण्यापूर्वी मजकूर दाबून लहान केला जातो आणि देवनागरी चांगली दबते. खरे ओझे टंकाचे असते. जोडाक्षरांमुळे देवनागरी टंकात शेकडो आकृत्या लागतात आणि त्याचे वजन सहज शंभर किलोबाइटांपलीकडे जाते. इंग्रजी टंकातून न लागणारी अक्षरे काढून टाकणे सोपे आहे. देवनागरीत एक खूण काढली, तर दुसरीकडे जोडाक्षर फुटते. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेल्या मुक्त परवान्याच्या ‘मुक्ता’सारख्या टंकांमुळे निदान चांगली, पडद्यावर वाचता येतील अशी अक्षरे छोट्या व्यावसायिकाला विनामूल्य मिळू लागली. तरीही इंग्रजी मापाने आखलेल्या बटणात वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला गेलेला आजही दिसतो. देवनागरीला ओळीची उंची अधिक लागते, एवढी साधी बाब. ती लक्षात यायला पान बांधणाऱ्याने ते मराठीत एकदा वाचावे लागते.

मधल्या काळात गूगलनेही सावकाश जोडण्यांसाठी दोन कुबड्या पुरवल्या होत्या. ‘वेब लाइट’ ही सेवा २०१५ मध्ये आधी इंडोनेशियात आणि मग भारतात आली. शोधातून उघडलेले पान ती सोलून हलके करून देई, थेट ऑपेरा मिनीच्या वंशातली म्हणावी अशी. क्रोमच्या मोबाइल आवृत्तीतही विदा वाचवणारा पर्याय होता. मार्च २०२२ मध्ये क्रोमचा तो पर्याय बंद झाला. विदा स्वस्त झाली आहे, हे त्यामागचे एक कारण सांगितले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस वेब लाइटही थांबली. पान हलके ठेवण्याची जबाबदारी फिरून ते बांधणाऱ्याकडे आली.

आता पान चांगले की वाईट हे ठरवायला गूगलने २०२० पासून रूढ केलेली मापे वापरली जातात आणि शोधयंत्रातील क्रमावरही त्यांचा थोडा परिणाम होतो. त्यांतील एक असे : पानावरील सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. हे प्रयोगशाळेत मोजत नाहीत, प्रत्यक्ष ग्राहकांच्या फोनवर मोजतात, ही त्यातील मोलाची गोष्ट. मात्र उत्तीर्ण होण्याची अट पंचाहत्तराव्या शततमकावर ठेवलेली आहे. चार भेटींपैकी तीन अडीच सेकंदांच्या आत उरकल्या, की पान ‘चांगले’ या रकान्यात जाते. चौथ्या भेटीला किती वेळ लागला, हे या मापाला विचारावे लागत नाही.